दर पाच मिनिटांनी

गेले चार महिने माझ्या दंडाच्या मागच्या बाजूला एक पांढरी चकती चिकटलेली असते. कोटाच्या मोठ्या बटणाएवढी. दर दहा दिवसांनी जुनी काढून नवी लावायची, एकदा डावा दंड, एकदा उजवा. ही चकती दर पाच मिनिटांनी माझ्या फोनला कळवते की अंगात साखर किती आहे. म्हणजे दिवसाला २८८ आकडे. पीएचडीच्या काळात मला इतका डेटा इतक्या बिनबोभाट मिळाला असता, तर मी निदान एक वर्ष आधी विद्यापीठाच्या बाहेर पडलो असतो!

माझ्या ओळखीतल्या तिघाचौघांना गेल्या काही दिवसांत हे यंत्र लिहून दिलं गेलंय. प्रत्येकाचा पहिला प्रश्न 'दुखतं का?' आणि दुसरा 'कितपत खरं असतं?' पहिल्याचं उत्तर सोपं आहे. नाही, स्टेपलरसारखा 'खट्' आवाज होतो आणि आवाजाचीच भीती जास्त वाटते. दुसऱ्याचं उत्तर लांबलचक आहे. आणि एक तिसरा प्रश्न आहे, जो कुणीच विचारत नाही, पण माझ्या मते तोच महत्त्वाचा. त्याकडे येतोच.

आधी थोडी पार्श्वभूमी. तीन वर्षांपूर्वी माझं वजन आपोआप उतरू लागलं आणि तहान थांबेना. रॉचेस्टरच्या ऐन थंडीत बर्फाचं पाणी पिणारा माणूस म्हटल्यावर प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्यांनी मला डॉक्टरकडे पिटाळलं. तिथल्या डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या आडनावाकडे पाहिलं, आणि टाइप २चा मधुमेह ठरवून गोळ्या दिल्या. त्यांचा अंदाज अगदीच निराधार होता असं नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी भारतीयांच्या 'दिसायला बारीक, आतून लठ्ठ' शरीरावर आयुष्यभर काम केलंय. २००४ साली त्यांनी आणि लंडनच्या जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच फोटो छापले होते. उंचीच्या मानाने दोघांचं वजन सारखंच, बीएमआय २२.३, पण चरबी मात्र याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के आणि युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के. (युडकिन मॅरेथॉन धावायचे. याज्ञिकांचा व्यायाम म्हणजे सकाळी रुग्णालयाच्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत पळत गाठणं, असंही त्यांनी तिथे मिश्कीलपणे नोंदवलंय.) अशा कामाचा परिणाम म्हणून २०१५ सालापासून अमेरिकन डायबिटिस असोसिएशन आशियाई वंशाच्या लोकांची तपासणी बीएमआय २५ऐवजी २३पासूनच करायला सांगते. तेव्हा बारीक भारतीय माणूस आणि टाइप २, हे समीकरण जुळणारंच होतं. फक्त माझ्या बाबतीत ते लागू नव्हतं. गोळ्यांनी काही होईना, तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांनी अँटीबॉडीजची तपासणी केली आणि कळलं की माझं शरीर स्वतःच्याच स्वादुपिंडातल्या इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशी मारत सुटलंय. हा टाइप १, मोठेपणी आलेला. उपाय एकच, इन्शुलिन. रोज, जन्मभर.

इन्शुलिन सुरू झालं की साखरेची भीती दोन बाजूंनी वाटू लागते. साखर वाढली तर शरीर हळूहळू झिजतं. पण उतरली तर गडबड मिनिटांत होते. हातपाय थरथरतात, घाम फुटतो, डोकं चालेनासं होतं, आणि फारच उतरली तर शुद्ध जाते. जागेपणी हे सगळं जाणवतं तरी. झोपेत काय? त्यात माझी बायको सध्या नोकरीसाठी अॅन आर्बरला, म्हणजे मी घरात एकटा. डॉक्टरांनी चकती लिहून दिली ती मुख्यतः रात्रींसाठी. विमा कंपनीच्या पूर्वपरवानगीचे सोपस्कार सहा आठवडे चालले, ती कहाणी पुन्हा केव्हातरी.

आता दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. चकतीच्या पोटातून केसासारखी एक तार कातडीखाली जाते, जेमतेम अर्धा सेंटिमीटर. तारेवर एक एन्झाइम असतं. साखरेशी त्याची प्रक्रिया झाली की अगदी बारीकसा विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि तो मोजून साखरेचा अंदाज बांधतात. ही कल्पना लेलँड क्लार्क यांची, १९६२ सालची. मात्र ही तार रक्तात नसते, पेशींच्या मधल्या द्रवात असते. रक्तातली साखर तिथे झिरपायला पाच-दहा मिनिटं लागतात. म्हणजे फोनवर दिसतो तो आकडा थोडा शिळा असतो!

शिळा आकडा म्हणजे काय ते कळायला जुन्या गिझरचा नळ आठवा. गरम पाणी यायला वेळ लागतो म्हणून आपण नळ आणखी फिरवतो, मग एकदम चटका बसतो, मग घाईने उलटा फिरवतो की गारठतो. कंट्रोल सिस्टिम्सच्या पहिल्या सत्रात शिकवतात की उशिरा येणाऱ्या माहितीवर उतावीळपणे वागलं की यंत्रणा हिंदकळते. साखरेचंही तेच. साखर ६५ झाली की १५ ग्रॅम साखर पोटात जाईल इतका फळांचा रस प्यायचा, अर्धा कप पुरतो, आणि १५ मिनिटं थांबायचं. या पंधरा मिनिटांत फोनवरचा आकडा आणखी उतरतच राहतो. तेव्हा माणूस फ्रिज रिकामा करतो आणि तासाभराने २६०वर पोचतो. म्हणून नव्या मंडळींना माझा पहिला सल्ला: बोट टोचायचं जुनं यंत्र फेकू नका. आकडा आणि अंगातली लक्षणं जुळत नसतील तर बोट टोचा. आणि पहिल्या दिवशी तर टोचाच, कारण नवी तार कातडीखाली रुळायला वेळ घेते.

दुसरा सल्ला, आकड्याआधी बाण बघा. आकड्याशेजारी एक बाण असतो. माझ्या यंत्रात आडवा म्हणजे स्थिर. तिरका म्हणजे मिनिटाला एक ते दोनने बदल. सरळ उभा म्हणजे दोन ते तीनने. दोन बाण म्हणजे त्याहून जोरात. १०० आणि आडवा बाण असेल तर खुशाल झोपा. तोच १०० आणि खाली दोन बाण असतील तर दहा मिनिटांत तुम्ही ७०च्या खाली असाल. आकडा तोच, पण अर्थ अगदी उलटा.

तिसरा, चकतीवर झोपू नका. दंड अंगाखाली दाबला गेला की तिथला द्रव हलत नाही आणि यंत्राला वाटतं साखर कोसळली. चौथा, आपल्या यंत्राचं माहितीपत्रक वाचा. काही सेन्सर पॅरासिटामॉलने, म्हणजे आपल्या क्रोसिनने, फसायचे. काही 'क' जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने फसतात.

पहिले पंधरा दिवस मात्र निव्वळ मजेचे होते, हे कबूल करायला हवं. स्वयंपाकघराची प्रयोगशाळाच झाली. ज्वारीची भाकरी, पिठलं आणि भरपूर भाजी, रेषा छान टेकडीसारखी. साबुदाण्याची खिचडी, थेट सह्याद्रीचा कडा. (उपासाला हाच पदार्थ कुणी ठरवला असेल?) पिझ्झा लबाड निघाला. तासभर काहीच नाही आणि तीन तासांनी हळूच वर. त्यातल्या चरबीमुळे पोट उशिरा रिकामं होतं त्याचा हा परिणाम. आणि सगळ्यात आनंद झाला तो शतपावलीचा. जेवणानंतर वीस मिनिटं चाललो की तोच वरणभात तीस-चाळीस अंकांनी खाली राहतो, कारण चालणारे स्नायू रक्तातली साखर उचलतात. आमच्याकडे नोव्हेंबरपासून बाहेर पाऊल टाकायची सोय नाही, म्हणून मी तळघरात बॉयलरभोवती फेऱ्या मारतो. शेजाऱ्यांना काय वाटतं देव जाणे!

आता तो तिसरा प्रश्न: हा आकडा कुणी बघायचा?

विचित्र वाटेल, पण या यंत्रांचा इतिहास म्हणजे याच प्रश्नाचा इतिहास आहे. १९६९ साली रिचर्ड बर्नस्टीन नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने एका व्यवसायपत्रिकेत रक्तातली साखर मोजणाऱ्या यंत्राची जाहिरात पाहिली. वजन तीन पौंड, किंमत ६५० डॉलर. रात्री बेशुद्धावस्थेत आणलेला माणूस दारू प्यायलाय की मधुमेही आहे हे रुग्णालयाला पटकन कळावं, हा त्या यंत्राचा उद्देश. बर्नस्टीनला वयाच्या बाराव्या वर्षापासून टाइप १चा मधुमेह, पण यंत्र रुग्णाला विकत मिळत नसे. त्याची बायको डॉक्टर होती म्हणून तिच्या नावावर घेतलं. दिवसातून पाच वेळा स्वतःची साखर मोजून त्याने आपलं इन्शुलिन आणि खाणं बसवलं आणि तब्येत सावरली. पण इंजिनिअरचं ऐकतो कोण? मग हा गृहस्थ पंचेचाळिसाव्या वर्षी वैद्यकीय महाविद्यालयात गेला आणि रीतसर डॉक्टर झाला! २०२५ साली, नव्वदाव्या वर्षी तो वारला.

१९९९ साली अमेरिकेत साखर सतत मोजणाऱ्या पहिल्या यंत्राला परवानगी मिळाली, तेव्हाही तीच गत. तीन दिवस रुग्णाने ते अंगावर वागवायचं, पण आकडे त्याला दिसायचे नाहीत. नंतर डॉक्टर दवाखान्यात उतरवून घेणार आणि सांगणार. पुढे आकडे रुग्णाला दिसू लागले, पण खिशातल्या छोट्या डबीतच अडकले. २०१३ साली, आमच्या रॉचेस्टरच्या दक्षिणेला लिव्होनिया म्हणून छोटं गाव आहे तिथे, जॉन कॉस्टिक नावाच्या सॉफ्टवेअर इंजिनिअरने ती डबी फोडली. (शब्दशः नव्हे.) त्याच्या लहान मुलाला टाइप १चा मधुमेह. मुलगा दिवसभर शाळेत, बाप ऑफिसात, आणि आकडा मुलाजवळच्या डबीत. बापाने डबीतून निघणाऱ्या डेटाची भाषा उलगडली आणि आकडे इंटरनेटवर आणले. मग त्याच्यासारखेच आणखी आईबाप जमले आणि त्यातून 'नाइटस्काउट' हे फुकट सॉफ्टवेअर उभं राहिलं. 'आम्ही थांबणार नाही' हे त्या लोकांचं घोषवाक्य. नंतर कंपन्यांनी स्वतःच आकडे नातेवाइकांना दाखवायची सोय केली, आणि २०२४ सालापासून तर, इन्शुलिन न घेणाऱ्यांसाठी, अशा चकत्या अमेरिकेत चिठ्ठीशिवायही मिळतात.

मीही नाइटस्काउट बसवलं, आणि त्याचं कारण सांगलीला आहे.

बायको फोनवर माझे आकडे बघतेच. पण मी झोपतो तेव्हा तीही झोपलेली असते. मात्र हिवाळ्यात इथे रात्रीचे तीन वाजतात तेव्हा सांगलीत दुपारचा दीड झालेला असतो आणि माझी आई टक्क जागी असते. वेळेतला हा फरक गेली दहा-बारा वर्षं माझा शत्रू होता, पहिल्यांदाच तो कामाला येणार होता! आई निवृत्त शिक्षिका, विषय गणित. तिला वेबपानाचा पत्ता दिला, आकडा आणि बाण समजावले. दोन मिनिटांत तिला सगळं कळलं आणि तिथून माझे हाल सुरू झाले.

"अरे, १९४ कशाने झाली? काय खाल्लंस?"

"अगं, मीटिंगमध्ये केक होता."

"मग खायलाच हवा होता का?"

हे रोज. दोनदा. बाबा मागून "अहो, त्याला जेवू द्या" म्हणायचे, पण त्याचा उपयोग होत नसे. त्यातच नोव्हेंबरात एका रात्री मी दंडावर झोपलो, यंत्राने ४८ दाखवले आणि आईने मला, बायकोला आणि शेजारच्या आजींना पाठोपाठ उठवलं. बोट टोचून पाहिलं तर १०६! दुसऱ्या दिवशी मी जरा कडक सुरात नियम घातले. एक, फोन फक्त माझ्या रात्री, आणि आकडा ६०च्या खाली गेला तरच. दोन, मी उचलला नाही तरच शेजारी. तीन, १८०च्या वरचं दिसलं तरी दिसलं नाही असं समजायचं. आई वाद घालेल अशी तयारी ठेवून होतो. ती नुसतं "बरं" म्हणाली. मला जरा आश्चर्यच वाटलं.

जानेवारीत आमच्याकडे रीतसर हिमवादळ झालं. संध्याकाळी दीड तास फावड्याने गाडीच्या वाटेवरचा बर्फ उपसला, जेवलो, आडवा झालो. अशा श्रमांनंतर स्नायू कित्येक तास साखर ओढत राहतात आणि इन्शुलिन जास्त जोराने काम करतं. रात्री दोन चाळीसला फोन वाजत होता. यंत्राचा गजर त्याआधी दहा मिनिटं ओरडत होता म्हणे, तो माझ्या झोपेने गिळला होता. आईच्या फोनची धून मात्र वेगळी लावलेली. अंग घामाने थबथबलेलं, आणि फोन कसा उचलायचा हे आठवायलाच काही क्षण गेले.

"५२ दिसतंय. उठून बस. रस कुठाय?"

रस उशाशी होता. प्यायलो, बोट टोचलं, ४९. म्हणजे या वेळी यंत्र बरोबर होतं. मग ती पंधरा मिनिटं. फोनवरचा आकडा ४७ झाला, सांगलीहून घाबरलेला आवाज आला, "अरे, उतरतीय अजून!" मी गिझरचा नळ समजावला. ती गप्प झाली. आणि मग, मला जागं ठेवायला असेल, तिने तिच्या वडिलांची गोष्ट सांगितली.

आजोबांना मधुमेह होता हे मला माहीत होतं. त्या काळी घरी रक्त तपासायची सोय नव्हती. परीक्षानळीत बेनेडिक्टचं निळं द्रावण घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब, आणि काकड्यावर उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही. मग हिरवं, पिवळं, नारिंगी, आणि शेवटी विटकरी. हे काम आईकडे होतं, वय वर्षं बारा. रंग पाहून तिने स्वयंपाकघरात आजीला सांगायचा. विटकरी निघाला की आजी दिवसभर बोलत राहायची, चहा बंद, भात बंद, आल्यागेल्यासमोर उद्धार. एके सकाळी आजोबा हळूच म्हणाले, "बाळ, निळा सांग." तिने सांगितला. पुढे दीडदोन वर्षं ती निळाच सांगत होती. मग आजोबांच्या पायाला जखम झाली आणि ती भरेना.

"तू तीन नंबरचा नियम सांगितलास ना," आई म्हणाली, "तेव्हा मला ते आठवलं. म्हटलं, ओरडत राहिले तर हा पान बंद करेल. मग मला काहीच दिसायचं नाही."

मी काही बोललो नाही. बोट टोचलं, ६८. थोड्या वेळाने यंत्रानेही ५९ आणि वर जाणारा तिरका बाण दाखवला. "झोप आता," म्हणाली, "मी आहे अजून तासभर जागी, भांडी व्हायचीत." सकाळी बायकोला सगळं सांगितलं. तिने दुसऱ्याच दिवशी माझ्यासाठी जास्त कर्कश आवाजाचा गजर मागवला. डॉक्टरांनी श्रमाच्या दिवशी रात्रीचं इन्शुलिन किती कमी करायचं ते ठरवून दिलं.

तेव्हा ज्यांची चकती या आठवड्यात येतेय त्यांनी लावायच्या आधी घरच्यांशी बोलून घ्या. कोण बघणार, केव्हा फोन करणार, काय बोलणार नाही. तज्ज्ञांचं म्हणणं असं की बहुतेक प्रौढांनी दिवसातला ७० टक्के वेळ ७० ते १८०च्या मध्ये राहावं आणि ७०च्या खाली ४ टक्क्यांहून कमी. म्हणजे नेम धरूनही उरलेल्या वेळात आकडे बाहेर जाणारच, हे त्यांनी हिशेबात धरलेलंच आहे. हे वाक्य घरात सगळ्यांना वाचून दाखवा. आणि तुमच्या आईबाबांना किंवा सासूसासऱ्यांना मधुमेह असेल आणि तपासणीच्या आधी दोन दिवस ते कडक पथ्य पाळत असतील, तर त्यांच्या आकड्यांवर आपण काय बोलतो तेही एकदा आठवून पाहा.

आईचा फोन आता आठवड्यातून एकदाच येतो, रविवारी. साखरेचा विषय निघत नाही. काल मात्र शेवटी म्हणाली, "परवा २३०ला गेली होती. मी बघितली नाही."